रंगीत फोटो कृष्णधवल करताना : कुंकू गेलं कुठे?

टिपकागद

मंडळी, मागच्या फोटोस्पर्धेत कृष्णधवल फोटो बरेच आले. विषय चांगले होते, क्षणही नेमके पकडलेले. पण त्यातले कित्येक फोटो राखेत बुडवून काढल्यासारखे दिसत होते. काळं धड काळं नाही, पांढरं धड पांढरं नाही. स्पर्धेच्या धाग्यावर दुसऱ्याच्या फोटोची चिरफाड करणं बरं दिसत नाही, म्हणून हा वेगळा धागा.

बहुतेकांनी काय केलंय ते कळतं. मोनो नावाचं बटण दाबलं आणि मोकळे झाले. रंग गेले, पण कुठल्या रंगाचा कुठला करडा व्हायला हवा हे कुणी ठरवलंच नाही. ते सॉफ्टवेअरने ठरवलं, आणि सॉफ्टवेअरला काठपदरातलं काही कळत नाही.

आता एक उदाहरण बघू. गडद हिरवी साडी, लाल काठ. साडीवर आयड्रॉपर (रंगाचे आकडे दाखवणारं टूल) ठेवला तर लाल-हिरवा-निळा या क्रमाने, ० ते २५५ मधले, आकडे समजा ०, ११०, ६० आले. काठावर १७०, २५, ४५. रंगीत फोटोत हे दोन रंग एकमेकांशी भांडत असतात, म्हणून तर साडी उठून दिसते. आता तिला करडं करू.

जुन्या टीव्हीच्या काळापासून चालत आलेलं एक सूत्र आहे, रेक ६०१. त्यात लालला ०.२९९, हिरव्याला ०.५८७ आणि निळ्याला ०.११४ असं वजन असतं. आपल्या डोळ्यांना हिरवा जास्त उजळ वाटतो, म्हणून त्याला सगळ्यात मोठा वाटा. या सूत्राने साडी येते ७१ आणि काठही ७१. म्हणजे काठ गेला, नुसती एकरंगी साडी उरली.

एचडी टीव्हीच्या सूत्रात, म्हणजे रेक ७०९ मध्ये, वजनं बदलतात : ०.२१२६, ०.७१५२, ०.०७२२. आता साडी ८३, काठ ५७. काठ साडीपेक्षा गडद.

फोटोशॉपमधलं साधं डिसॅच्युरेट यातलं काहीच बघत नाही. तिन्ही आकड्यांतला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात छोटा घेतं आणि त्यांची सरासरी काढतं. साडी ५५, काठ ९८. आता काठच उजळ झाला!

साडी तीच, बाई तीच, फोटो तोच. तीन सूत्रांत काठ एकदा गायब, एकदा काळसर, एकदा उजळ. तुमच्या फोनमधलं बटण यातलं कुठलं सूत्र वापरतं हे तुम्हाला माहीत नसतं आणि माहीत असायची गरजही नाही. काठ कसा दिसायला हवा हे तुम्ही ठरवायचं आणि तो तसा दिसेपर्यंत मिक्सर, म्हणजे कुठल्या रंगाला किती वजन ते ठरवणाऱ्या पट्ट्या, फिरवायचा, एवढंच.

मिक्सर कुठे सापडतो? फोटोशॉपमध्ये सीएस३ पासून, म्हणजे २००७ पासून, ब्लॅक अँड व्हाइट नावाचा अ‍ॅडजस्टमेंट लेयर आहे. त्यात सहा रंगांचे सहा स्लायडर. लाइटरूममध्ये तेच आठ आहेत, नारिंगी आणि जांभळा वेगळे मिळतात. त्वचेसाठी नारिंगीचा स्लायडर सोन्यासारखा. पैसे न घालवता काम करायचं असेल तर गिम्पमध्ये कलर्स, मग डिसॅच्युरेट, मग मोनो मिक्सर. डार्कटेबलमध्ये कलर कॅलिब्रेशनचा ग्रे टॅब. डार्कटेबल शिकायला जड आहे, पण गिम्पचं मोनो मिक्सर कुणालाही जमेल : तीन पट्ट्या, बेरीज १ च्या (म्हणजे १०० टक्क्यांच्या) आसपास ठेवायची. वरच्या साडीला लाल ६० टक्के, हिरवा ३०, निळा १० दिलं तर साडी ३९ आणि काठ ११४. काठ परत आला.

माझी सवय अशी की मिक्सर उघडायच्या आधी तिन्ही चॅनेल एकेक करून नुसते बघतो. लाल, हिरवा आणि निळा हे तीन आयते कृष्णधवल फोटो प्रत्येक रंगीत फोटोच्या आत बसलेलेच असतात. यातला एक बहुतेक वेळा आपल्याला हव्या त्या फोटोच्या जवळ असतो. मग त्यालाच धरून पुढे जायचं.

आता शीर्षकातलं कुंकू. लाल चॅनेल माणसांच्या फोटोत फार मोहात पाडतो. त्वचा नितळ होते, मुरमं, डाग, डोळ्याखालची लाली सगळं पुसलं जातं. गव्हाळ त्वचा समजा १९०, १४०, ११० आणि कुंकू १८०, २०, ३०. लाल चॅनेलमध्ये त्वचा १९० आणि कुंकू १८०. कपाळ कोरं! स्पर्धेतल्या हळदीकुंकवाच्या फोटोत नेमकं हेच झालं होतं. ओठही तसेच फिके पडतात.

सेपियाबद्दलही लिहायचं होतं, पण तो वेगळा तमाशा आहे. कुणी विचारलं तर खाली लिहीन.

---

चिंचबोर

वाचनखूण साठवली. पण आमच्यासारख्या मोबाईलवाल्यांनी काय करायचं? लॅपटॉप ऑफिसचा, त्यावर काही टाकता येत नाही.

---

टिपकागद

@चिंचबोर, स्नॅपसीड घ्या. फुकट आहे. त्यात ब्लॅक अँड व्हाइट नावाचं टूल आहे, त्यात खाली रंगाचा फिल्टर निवडता येतो : लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा. लोक वरचे तयार नमुने दाबत बसतात आणि हे बघतच नाहीत. एकेक फिल्टर लावून बघा, साडीचा काठ येतो-जातो ते डोळ्यांनी दिसेल. लाइटरूमच्या मोबाईल आवृत्तीतही आठही स्लायडर आहेत.

एकच पथ्य. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोवर हे प्रयोग करू नका. पाठवणाऱ्याला मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. कारण खाली कुणीतरी विचारेलच.

---

सेमीकोलन

मीच विचारतो आणि मीच उत्तर देतो :)

व्हॉट्सअ‍ॅप फोटो आणखी दाबलेल्या जेपेगमध्ये पाठवतं. जेपेग फाइल उजेडाची माहिती नीट जपते, रंगाची मात्र कंजूषपणे. बऱ्याचदा रंग चार पिक्सेलमागे एकदाच साठवलेला असतो. नुसता बघताना कळत नाही, कारण आपले डोळे रंगाच्या बारकाव्याला तसे आळशीच असतात. पण मिक्सर त्या रंगावरच उजेड ठरवतो. निळं आकाश काळं करायला निळा स्लायडर पार तळाला नेला की झाडाच्या फांद्यांभोवती पांढऱ्या कडा उमटतात, आणि आकाशात आठ बाय आठचे चौकोन दिसायला लागतात. निळ्या चॅनेलमध्ये गोंगाटही (दाणेदारपणा) जास्त असतो, शिवाय सेन्सरवर निम्मे ठिपके हिरव्याचे आणि लाल, निळ्याला पाव-पाव वाटा.

थोडक्यात रॉ (कॅमेऱ्याची कच्ची, न दाबलेली फाइल) असेल तर हवं तेवढं ओढा. जेपेग असेल तर हलक्या हाताने.

---

घाटवाट

लेख भारी. आमच्या ट्रेकच्या फोटोंबद्दल दोन गोष्टी घालतो.

लाल फिल्टरने आकाश काळंभोर होतं आणि ढग फुटून बाहेर येतात, हे सगळीकडे वाचायला मिळतं. पण ते निळ्या आकाशाचं. भर पावसाळ्यात हरिश्चंद्रगडावर आकाश निळं नसतंच, ते करडं असतं. करड्यात लाल, हिरवा, निळा सारखेच, मग फिल्टर कुठलाही लावा, ढिम्म हलत नाही. तिथे आकाश वेगळं निवडून कर्व्हने (उजेड कमीजास्त करायच्या टूलने) गडद करण्याशिवाय गत्यंतर नाही. लाल फिल्टरची मजा दसरा-दिवाळीकडे, हवा धुतलेली आणि आकाश निळंशार असताना.

दुसरी गोष्ट डोंगररांगांची. एकामागे एक पसरत गेलेले डोंगर असतील तर लाल फिल्टर लावूच नका. लांबचं धुकट निळसर असतं, ते लाल चॅनेलमध्ये बरंच विरतं. सगळ्या रांगा सारख्याच स्पष्ट दिसतात आणि फोटो सपाट होतो. तिथे निळा वाढवा. मागची प्रत्येक रांग पुढचीपेक्षा फिकी होत जाते आणि खोली दिसते.

आणि गवत हिरव्या स्लायडरने हलत नाही म्हणून वैतागू नका. कॅमेऱ्याच्या हिशेबी गवत आणि पानं बऱ्याच वेळा पिवळी असतात. पिवळा स्लायडर फिरवा.

---

पारूची_नात

गवताचं आत्ताच करून बघितलं. खरंच पिवळ्यानेच हललं! इतके दिवस हिरव्याशी झटापट करत होते.

माझा प्रश्न : साडीचा काठ उजळायला लाल वाढवायचा, आणि कुंकू दिसायला लाल कमी करायचा. मग एकाच फोटोत दोन्ही असतील तर? आमच्याकडे मावशीच्या साठीला काढलेला फोटो नेमका असाच आहे.

---

टिपकागद

@पारूची_नात, नेमका प्रश्न. काठ उजळच हवा असं कुठंय? तो साडीपासून वेगळा दिसला म्हणजे झालं. उलट दिशेने जा. लाल १०, हिरवा ७०, निळा २० देऊन बघा. माझ्या वरच्या आकड्यांनी साडी ८९, काठ ४४, त्वचा १३९ आणि कुंकू ३८. काठ गडद, कुंकू ठसठशीत, दोन्ही जागेवर.

याची किंमत त्वचेला मोजावी लागते. हिरव्या चॅनेलमध्ये सुरकुत्या, डाग, नाकावरची रंध्रं सगळं उठून दिसतं. साठीच्या मावशींच्या चेहऱ्याला ते शोभूनही दिसेल, पण मावशींना आवडेल का ते तुम्ही बघा! नाहीच आवडलं तर दोन लेयर (एकावर एक थर) करा. खाली लाल जास्त असलेला, वर हिरवा जास्त असलेला, आणि वरच्याला मास्क (थराचा नको तो भाग झाकणारा पडदा) लावून फक्त साडी आणि कपाळ ठेवा.

---

लालदिवा

नमस्कार. धागा वाचून हात शिवशिवले. डार्करूममध्ये बरीच वर्षं गेली, म्हणून थोडं जुनं सांगतो.

कुंकवाचा हा घोळ आजचा नाही. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक प्लेटला निळा आणि हिरवा प्रकाश कळायचा, लाल अजिबात कळायचा नाही. म्हणून तर ती लाल दिव्यात बिनधास्त धुता यायची. प्लेटला जे दिसलं नाही ते प्रिंटवर काळं. घरोघरच्या जुन्या फोटोत पणजीच्या कपाळावर काळंकुट्ट ठसठशीत कुंकू दिसतं, ओठ काळसर दिसतात आणि आकाश कोऱ्या कागदासारखं पांढरं, ते यामुळे. पुढे पॅनक्रोमॅटिक फिल्म आली, तिला सगळे रंग कळू लागले आणि कुंकू पुन्हा करडं झालं. तुमच्यापैकी कुणाला तो जुना चेहरा हवा असेल तर लाल शून्यावर आणा आणि हिरवा-निळा निम्मा निम्मा ठेवा. वर सेपियाचा मुलामा देण्यापेक्षा याने फोटो जास्त जुना दिसतो.

फिल्टर आम्ही काचेचे वापरायचो. ८ नंबरचा पिवळा जवळजवळ कायम लेन्सवर, त्याने एक स्टॉप, म्हणजे निम्मा, उजेड जायचा. २५ नंबरचा लाल तीन स्टॉप खायचा, म्हणजे ट्रायपॉड आलाच. ११ नंबरचा पिवळट हिरवा पुरुषांच्या पोर्ट्रेटला. तुमचे स्लायडर म्हणजे हेच सगळं, फक्त फोटो काढून झाल्यावर.

मात्र एक सांगतो. डिजिटल रंगीत कॅमेऱ्यावर काचेचा लाल फिल्टर लावू नका. वर सेमीकोलन म्हणाले तसं लालच्या वाट्याला पाव ठिपकेच असतात. बाकीचे तीन पाव जवळजवळ आंधळे होतात. रंगीतच काढा आणि नंतर मिक्सर वापरा.

---

शंकेखोर

सगळं ठीक आहे, पण मूळ मुद्दा कुणी काढतच नाहीये. कृष्णधवल म्हणजे आजकाल फसलेल्या रंगीत फोटोचं पांघरूण झालंय. व्हाइट बॅलन्स गंडला, कर कृष्णधवल. फोटोत दम नाही, कर कृष्णधवल, की लगेच 'वा, काय क्लासिक!' अशा चार कॉमेंट. कासच्या पठाराचे फोटो कृष्णधवल टाकणारे महाभाग बघितलेत मी इथेच. अहो, फुलं बघायला गेला होता ना?

आणि ज्याला खरंच कृष्णधवल करायचंय त्याने कॅमेऱ्यात मोनोक्रोम मोड लावून काढावं. नंतर घरी बसून आठ पट्ट्या ओढायच्या ही फोटोग्राफी नव्हे, शिवणकाम.

---

घाटवाट

कासच्या फोटोंबद्दल +१. बाकी असहमत.

---

लालदिवा

शंकेखोरराव, डार्करूममध्ये आम्ही हाताने सावली धरून एकेक कोपरा जाळायचो (गडद करायचो) आणि वाचवायचो (उजळ ठेवायचो). ते शिवणकाम असेल तर तसं म्हणा, आमची हरकत नाही.

---

टिपकागद

@शंकेखोर, पांघरुणाबद्दल निम्मा सहमत. सगळ्या फोटोतला रस रंगातच असेल तर कृष्णधवल करून काही उरत नाही. माझी चाचणी अशी की डोळे किलकिले करून फोटो बघायचा. उजेड-सावलीचे आकार दिसले तर करून बघण्यात अर्थ आहे. सगळा सारखाच गिच्च दिसला तर कुठलाही मिक्सर त्याला वाचवत नाही.

पण फसलेल्या प्रकाशाला कृष्णधवल हा रास्त उपाय आहे, त्यात लाज कसली? लग्नाच्या हॉलमध्ये स्टेजवर हल्ली जांभळे एलईडी असतात. नवरा-नवरीचे चेहरे जांभळे, आणि लाल व निळा चॅनेल पार फुटलेला, म्हणजे २५५ ला आपटून सपाट झालेला. तो रंग दुरुस्त होत नाही, कितीही व्हाइट बॅलन्स करा. पण हिरवा चॅनेल उघडून बघा. जांभळ्या उजेडात हिरवा कमीच असतो, म्हणून तो फुटलेला नसतो. थोडा काळोखा आणि दाणेदार मिळेल, पण चेहऱ्याचा आकार तिथे शाबूत असतो. तो उजळवा. अल्बममधला सगळ्यात चांगला फोटो तोच निघू शकतो.

कॅमेऱ्यातला मोनोक्रोम मोड मलाही आवडतो, पण रॉ आणि जेपेग दोन्ही चालू ठेवून. पडद्यावर कृष्णधवल दिसतं, त्यामुळे रंगाने डोळे भुलत नाहीत, आणि रॉमध्ये सगळे रंग शिल्लक राहतात. नुसतं जेपेग ठेवलं तर मिक्सरचा दरवाजा कायमचा बंद. फुजीवाल्यांकडे २०१६ पासून अ‍ॅक्रॉस नावाचं सिम्युलेशन (फिल्मची नक्कल) आहे, त्यात पिवळा, लाल, हिरवा फिल्टर कॅमेऱ्यातच निवडता येतो. ते जेपेग सरळ वापरण्याजोगं असतं.

---

सेमीकोलन

अवांतर : लायकाने २०१२ मध्ये एम मोनोक्रोम काढला, त्यात सेन्सरवर रंगाच्या जाळ्याच नाहीत. पेंटॅक्सनेही २०२३ मध्ये के-३ मार्क ३ चा तसा अवतार आणला. प्रत्येक ठिपक्याला सगळा उजेड मिळतो, त्यामुळे बारकावे आणि कमी उजेडातली कामगिरी झकास. पण नंतर लाल-हिरवं काही करता येत नाही, कारण रंग नोंदलेलेच नसतात. तिथे लालदिवा काकांचे काचेचे फिल्टर परत कामाला येतात.

---

लालदिवा

माळ्यावर आहेत सगळे. लायका मात्र नाही.

---

चिंचबोर

टिपकागद, सेपियाचं राहिलं. आईबाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतायत, त्यांचे आत्ताचे फोटो 'जुने' करून फ्रेम करायचा बेत आहे. फोनमधलं सेपिया लावलं की दोघं कावीळ झाल्यासारखे दिसतात.

---

सेमीकोलन

कावीळ का होते ते सांगतो, कारण हे कोडमध्ये बघितलंय. ब्राउझरमधलं सेपिया आणि असंख्य अ‍ॅपमधलं सेपिया एकाच नऊ आकड्यांच्या कोष्टकावर चालतं. नव्या लालसाठी ०.३९३, ०.७६९, ०.१८९. नव्या हिरव्यासाठी ०.३४९, ०.६८६, ०.१६८. नव्या निळ्यासाठी ०.२७२, ०.५३४, ०.१३१. आता ओळींची बेरीज करा : १.३५१, १.२०३, ०.९३७.

म्हणजे पांढरा कागद, २५५, त्याचा होतो २५५, २५५, २३९. पांढरं संपलं, पिवळट आलं. आणि १८८ च्या वरचा कुठलाही करडा लालमध्ये थेट २५५ ला आपटतो. चेहऱ्यावरचा उजेड, शर्टाची इस्त्री, आजोबांचे पांढरे केस, सगळं एका रंगात सपाट. मधला करडा १२८ घेतला तर तो १७३, १५४, १२० होतो, म्हणजे चांगलाच उजळ. म्हणून सेपिया लावलं की फोटो एकाच वेळी पिवळा, फिका आणि सपाट होतो. दोष फोटोचा नाही, त्या नऊ आकड्यांचा आहे.

---

लालदिवा

आता खरं सेपिया कसं व्हायचं ते ऐका, म्हणजे नकली कुठे चुकतं ते कळेल.

तयार कृष्णधवल प्रिंट आधी पोटॅशियम फेरीसायनाइड आणि पोटॅशियम ब्रोमाइडच्या पाण्यात टाकायचा. चित्र डोळ्यांदेखत विरत जातं, नुसती पिवळसर सावली उरते. मग नीट धुऊन सोडियम सल्फाइडमध्ये. तिथे चित्र तपकिरी होऊन परत येतं. प्रिंटवरचं चित्र चांदीच्या कणांचं असतं, त्या चांदीचं सिल्व्हर सल्फाइड होतं, आणि ते मूळ चांदीपेक्षा टिकाऊ. हे करताना सडक्या अंड्यांचा वास घरभर. तो वायू विषारी, खिडकी उघडी ठेवूनच काम. शेजारी विचारायचे, काय शिजवताय? पुढे थायोयुरियाचा वास नसलेला टोनर वापरायला लागलो, त्यात रंगाची छटाही कमीजास्त करता यायची.

यातल्या दोन गोष्टी लक्षात घ्या. पहिली, जिथे चांदी आहे तिथेच रंग चढतो. कोऱ्या पांढऱ्या जागेत चांदी नाही, तिथे कागद पांढराच राहतो. दुसरी, विरवणाऱ्या पाण्यातून प्रिंट लवकर बाहेर काढला तर फक्त उजळ भाग विरलेले असतात, कारण तिथे चांदी थोडी. मग उजळ भाग तपकिरी होतात आणि गडद सावल्या काळ्याच राहतात. हा अर्धवट केलेला सेपिया मला सगळ्यात देखणा वाटतो.

आणि एक गैरसमज. जुना फोटो तपकिरी दिसला की तो सेपिया, असं नाही. एकोणिसाव्या शतकातले छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांच्या काळचे पुष्कळ प्रिंट अल्ब्युमेनचे, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेल्या कागदावरचे. ते पहिल्या दिवसापासूनच तपकिरी-जांभळट असायचे आणि पुढे त्यांचा पांढरा भाग पिवळा पडत जायचा. तिथे पिवळेपणा वयाचा आहे. सेपिया टोनिंगमध्ये तो रसायनाचा. दोन्हीचा चेहरा वेगळा.

---

टिपकागद

काका, दंडवत. यावरून कृती सरळ निघते.

@चिंचबोर, आधी चांगला कृष्णधवल करून घ्या, वर सांगितलं तसा. काळं-पांढरं नीट बसल्याशिवाय रंगाकडे वळू नका. मग लाइटरूममध्ये कलर ग्रेडिंग उघडा. २०२० च्या आधीच्या आवृत्तीत त्याच जागी स्प्लिट टोनिंग मिळेल. हायलाइटला (उजळ भागाला) ह्यू (रंगाची छटा) ४० च्या आसपास, सॅच्युरेशन (रंगाचा गडदपणा) १० ते १२. शॅडोला रंग शून्य. सावल्या काळ्या राहतील, उजळ भागात ऊब येईल. पडद्यावर 'काहीच झालं नाही की काय' असं वाटेल इतपतच ठेवा, मग मूळ करड्याशेजारी ठेवून बघा.

गिम्पमध्ये कलर बॅलन्स घ्या, मधल्या आणि उजळ भागात लाल थोडा वर आणि निळा थोडा खाली. फोटो आरजीबीमध्ये असला पाहिजे, ग्रेस्केल मोडमध्ये रंग चढणार नाही.

तुमच्या आईबाबांच्या फोटोवर मात्र नकली ओरखडे, घड्या, फाटके कोपरे टाकू नका, एवढी विनंती. आत्ताचे चष्मे आणि मागचा एलईडी टीव्ही दिसत असताना फोटो १९५० चा कसा वाटेल? ते आत्ताचेच राहू देत, फक्त छान दिसू देत.

---

चिंचबोर

टीव्ही क्रॉप करते! धन्यवाद.

---

पारूची_नात

उलटा प्रश्न. घरात पणजोबांचा एक खराच जुना फोटो आहे. पिवळा पडलाय, चेहरा विरत चाललाय आणि तपकिरी ठिपके आहेत. तो स्कॅन करताना ग्रेस्केल करू का? दुकानदार म्हणाला फोटो कृष्णधवलच आहे, रंगीत स्कॅन कशाला?

---

टिपकागद

रंगीतच करा. दुकानदाराचं ऐकू नका.

पिवळं-तपकिरी निळा प्रकाश खातं आणि लाल सोडून देतं. त्यामुळे रंगीत स्कॅनच्या निळ्या चॅनेलमध्ये विरत चाललेला तपकिरी चेहरा सगळ्यात गडद आणि स्पष्ट मिळतो. पण ठिपकेही तिथेच सगळ्यात उठून दिसतात. लाल चॅनेलमध्ये उलट, ठिपके जवळजवळ पुसले जातात आणि चेहराही फिका होतो. म्हणजे एकाच स्कॅनमधून तुमच्याकडे दोन फोटो आले. चेहऱ्यासाठी निळा किंवा हिरवा घ्या, कोऱ्या भागातल्या डागांसाठी लाल, आणि मास्क लावून जोडा. ग्रेस्केल स्कॅन केलात तर ही सोयच हातची जाते.

६०० डीपीआय, जमलं तर १६ बिट, आणि टिफमध्ये. स्कॅनरमधलं आपोआप रंगदुरुस्ती करणारं सगळं बंद ठेवा. आणि मूळ फोटो काचेला चिकटलेला असेल तर ओढून काढू नका, काचेसकट स्कॅन करा.

---

घाटवाट

प्रिंटचं कुणी बोलत नाहीये म्हणून विचारतो. आमच्या जवळच्या लॅबमधून कृष्णधवल प्रिंट काढले तर सगळे हिरवट आले. परत काढायला सांगितले तर गुलाबी. लॅबवाला म्हणतो तुमची फाइलच तशी.

---

लालदिवा

फाइल तशी नसणार. मोठ्या लॅबचा कागद रंगीत फोटोचाच असतो. तिथे काळा रंग तीन रंग मिसळून बनतो, आणि मशीन जराशी हलली की करडा एका बाजूला झुकतो. रंगीत फोटोत हे लपतं, करड्यात लपत नाही. आधी चार बाय सहाचा एक नमुना काढून घ्यायचा आणि तो खिडकीशी, दिवसाच्या उजेडात बघायचा, ट्यूबलाइटखाली नाही.

---

सेमीकोलन

आणि फाइल ग्रेस्केल देऊ नका. एसआरजीबीमध्ये (नेहमीच्या रंगीत फाइलच्या प्रकारात) रूपांतर करून जेपेग द्या. काही लॅबची यंत्रणा ग्रेस्केल फाइल स्वतःच्या मनाने बदलते.

---

टिपकागद

@घाटवाट, तरीही तटस्थ करडा मिळत नसेल तर वरचाच उपाय उलटा वापरा : फोटोला मुद्दाम अगदी हलकी ऊब द्या, सॅच्युरेशन ५ ते ६. मशीन थोडं इकडेतिकडे झालं तरी ऊब असलेला करडा खपून जातो, हिरवट करडा खपत नाही. ज्याला खरा तटस्थ काळा हवा त्याने काळ्यासोबत करड्या शाईचेही वेगळे डबे असलेला इंकजेट शोधावा आणि चांगला मॅट कागद घ्यावा. खर्च जास्त, पण फ्रेम करायच्या एका फोटोला परवडतो.

पारूची_नात, मावशींच्या फोटोचे दोन्ही नमुने, लालवाला आणि हिरवावाला, इथे टाका. मतदान घेऊ.

---

पारूची_नात

मावशीला दाखवले. हिरवावाला बघून म्हणाली, 'कुंकू छान आलंय, पण एवढ्या सुरकुत्या कुणाच्या?' आता दोन लेयर करायला बसतेय. मास्कची कडा कुंकवाभोवती पांढरी दिसते, तिचं काय करू?

---

टिपकागद

मास्कला दोन-तीन पिक्सेलचं फेदर द्या (कडा मऊ करा) आणि कुंकवापेक्षा मास्क जरा मोठा ठेवा, आजूबाजूचं थोडं कपाळ हिरव्या लेयरमधलंच येऊ द्या. मग कडा कपाळाच्या मधोमध कुठेतरी पडते, तिथे ती कळत नाही.